नॅनोपदार्थांवर संशोधन करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रसायनशास्त्रातून या क्षेत्रात आले. पीएचडीला सोन्याच्या कणांवर काम केलं, पुढे एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात लायपोसोमवर, म्हणजे औषध आत धरणाऱ्या मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांवर, आणि आता शिकवते. कॉलेजात व्याख्यानाला गेलं की, किंवा ओळखीच्या घरात बारावीचा निकाल लागला की, जे प्रश्न हमखास येतात ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

नॅनोपदार्थांवर काम करणारा संशोधक नेमकं करतो काय?

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. साधारण १ ते १०० नॅनोमीटर या मापात पदार्थ वेगळा वागू लागतो. दागिन्यातलं सोनं पिवळं असतं, पण १५ नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात गडद लाल दिसतात. मायकेल फॅरडेने १८५७ च्या सुमारास बनवलेली अशी लाल द्रावणं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेली आहेत.

तर नॅनोपदार्थांचा संशोधक असे कण बनवतो, असं कुणी सांगेल. ते खरं आहे, पण अपुरं आहे. कण बनवणं हा कामाचा छोटा भाग. तोच कण, त्याच मापाचा, उद्या, पुढच्या महिन्यात, दुसऱ्याच्या हातून आणि शंभरपट मोठ्या भांड्यात बनला पाहिजे. तो बाटलीत टिकला पाहिजे. आणि तो जसा होता तसाच आहे, हे मोजून दाखवता आलं पाहिजे. आयुष्यातली वर्षं जातात ती यात. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉट्सना, म्हणजे अर्धवाहक पदार्थांच्या नॅनोकणांना मिळालं. ॲलेक्सी एकिमोव्ह आणि लुईस ब्रस यांनी मापाप्रमाणे बदलणारे गुणधर्म दाखवले, एकाने काचेत, दुसऱ्याने द्रावणात. तिसरे मानकरी मौंगी बावेंडी यांचं श्रेय मात्र १९९३ साली सगळे कण जवळजवळ एकाच मापाचे बनवण्याची पद्धत शोधल्याचं आहे. हे काम किती मोलाचं आहे, ते यावरून कळावं.

औषधात याचा खरंच उपयोग झालाय, की सगळं अजून प्रयोगशाळेतच आहे?

झालाय, आणि महाराष्ट्रातल्या अनेक घरांनी तो जवळून पाहिला आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले तेव्हा नातेवाईक एका इंजेक्शनसाठी जिल्हा पालथा घालत होते. ते लायपोसोमल अँफोटेरिसिन बी. ते नॅनो-औषध आहे, हे तेव्हा फारसं कुणी बोललं नाही.

अँफोटेरिसिन जुनं औषध आहे. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असतं, त्याला ते चिकटतं आणि आवरण फोडतं. आपल्या पेशींत एर्गोस्टेरॉल नसतं, पण त्याच्याच कुळातलं कोलेस्टेरॉल असतं. त्यामुळे साधं अँफोटेरिसिन रुग्णाच्या मूत्रपिंडालाही सोडत नाही. आता हेच औषध मेदाच्या दुपदरी, साधारण ८० नॅनोमीटरच्या गोळ्यात, म्हणजे लायपोसोममध्ये बसवलं, तर रक्तात फिरताना ते बरंचसं आतच राहतं आणि बुरशीशी गाठ पडली की बाहेर येतं. मूत्रपिंडाला होणारा त्रास कमी होतो, त्यामुळे डोस वाढवता येतो. साधं औषध किलोमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास देतात, लायपोसोमचं म्युकरमध्ये ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त. औषधाचा रेणू जुनाच आहे. फक्त तो कशात बसवला, एवढ्याने रुग्णाला झेपेल असा डोस पाचपट झाला.

या औषधाचं भारतीय रूप घडलं त्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी नव्वदच्या दशकात लायपोसोमल अँफोटेरिसिनवर काम करून ते रुग्णांपर्यंत नेलं. पुढे अंबरनाथला कारखाना असलेल्या भारत सीरम्ससारख्या कंपन्यांनी असं औषध मोठ्या प्रमाणावर बनवलं. २०२१ च्या टंचाईत वर्ध्याच्या एका कंपनीने अँफोटेरिसिनचं इमल्शन इंजेक्शन बनवायला घेतलं, तेही आठवत असेल.

एक बारकावा सांगते, कारण तो मला फार महत्त्वाचा वाटतो. हे लायपोसोम मिठाच्या सलाइनमध्ये मिसळायचे नसतात. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यावे लागतात. मिठाने कण अस्थिर होतात आणि औषध साका होऊन खाली बसू शकतं. हे वॉर्डातल्या सिस्टरना पाठ असतं. प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याला हीच गोष्ट सोन्याच्या द्रावणात मीठ टाकल्यावर दिसते.

कॅन्सरमध्येही अशी औषधं रोज वापरली जातात. डॉक्सिल १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्यात डॉक्सोरुबिसिन लायपोसोममध्ये बंद असतं, त्यामुळे हृदयावरचा घाला कमी होतो. तळहात-तळपाय सोलवटण्याचा त्रास मात्र त्यात जास्त दिसतो, म्हणजे काही दुष्परिणाम जातात आणि काही नवे येतात. २०१२ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा झाला तेव्हा सन फार्माचं लिपोडॉक्स तिथे पाठवलं गेलं, आणि पुढच्या वर्षी सन फार्माच्याच औषधाला डॉक्सिलचं पहिलं जेनेरिक म्हणून मंजुरी मिळाली. लायपोसोमचं जेनेरिक बनवणं गोळीचं जेनेरिक बनवण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. भारतीय कंपनीने ते करून दाखवलं, याचं मला अजून कौतुक वाटतं. २००५ चं ॲब्राक्सेन हे तिसरं उदाहरण. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते आधी एरंडेलापासून केलेल्या एका द्रवातून द्यायचे आणि त्याने तीव्र ॲलर्जी यायची. ॲब्राक्सेनमध्ये ते अल्ब्युमिन या प्रथिनाच्या सुमारे १३० नॅनोमीटरच्या कणांवर बसवलं आणि तो द्रवच काढून टाकला.

'औषध थेट कॅन्सरच्या गाठीपर्यंत नेणारे नॅनोकण' अशा बातम्या येतात. त्या किती खऱ्या?

अशा बातम्यांचं मूळ एका खऱ्या निरीक्षणात आहे. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून छोटे कण तिथे झिरपतात आणि साठतात. जपानमध्ये यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी १९८६ मध्ये हे मांडलं. उंदरांत ते छान दिसतं. पण टोरंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघालं. उरलेले मुख्यतः यकृत आणि प्लीहा गिळतात.

नाउमेद करायला हा आकडा सांगत नाही. कण रक्तात पडताक्षणी प्रथिनं त्याच्यावर थर चढवतात, आणि शरीराला तुमचा कण दिसतच नाही, तो थर दिसतो. या थराचा अभ्यास, यकृताची पकड चुकवणं, किंवा सरळ यकृताच्याच आजारांवर कण वापरणं, ही आजची खरी कामाची क्षेत्रं आहेत. पीएचडीच्या मुलाखतीत कुणी 'मला कॅन्सरवर टार्गेटेड नॅनोकण करायचेत' म्हटलं की मी पुढचा प्रश्न हाच विचारते: यकृताचं काय करणार?

कोविडच्या लशीत नॅनो होतं म्हणतात, ते काय?

एमआरएनए लशींत. पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा हा रेणू, एमआरएनए, फार नाजूक असतो, उघडा टोचला तर लगेच तुटतो. म्हणून तो चार प्रकारच्या मेदांच्या कणात बांधतात. त्यातला एक मेद कळीचा असतो. आम्ल द्रावणात त्याच्यावर धन भार येतो आणि तो ऋण भाराच्या एमआरएनएला धरून ठेवतो, रक्तात तो उदासीन राहतो, आणि पेशीच्या आतल्या आम्लधर्मी कप्प्यात पुन्हा भारित होऊन माल बाहेर सोडतो. हे तंत्र लशीसाठी रातोरात निघालं नव्हतं. २०१८ मध्येच पॅटिसिरान नावाचं, मज्जातंतूंच्या एका आनुवंशिक विकारावरचं औषध अशाच कणांतून बाजारात आलं होतं. पुण्याच्या जिनोव्हाच्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवता येते, म्हणजे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या फ्रिजमध्ये. फायझरच्या लशीला सुरुवातीला उणे ७० च्या आसपास ठेवावं लागत होतं. गावपातळीवर हा फरक किती मोठा आहे ते लसीकरणाच्या कामात असलेल्या आशाताईंना विचारा.

औषधाशिवाय उद्योगात काय काम आहे?

पुष्कळ, आणि त्यातलं बरंच जुनं आहे. टायर काळा असतो तो कार्बन ब्लॅकमुळे, आणि त्याचे मूळ कण दहा-वीस ते काहीशे नॅनोमीटरचेच असतात. गरोदरपणाच्या चाचणीपट्टीवरची लाल रेघ अनेकदा सोन्याच्या नॅनोकणांची असते. रंग, बॅटरीचे इलेक्ट्रोड, उत्प्रेरक, सनस्क्रीन या सगळ्यांत हे काम चालतं.

मला सर्वांत जवळचं वाटतं ते पाण्याचं काम. आयआयटी मद्रासचे प्रा. टी. प्रदीप यांची वाटचाल या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी. सोन्या-चांदीचे नॅनोकण कार्बन टेट्राक्लोराइडसारख्या हट्टी रेणूंचे तुकडे करतात, असं त्यांच्या गटाला दिसलं. हे होतं मूलभूत रसायनशास्त्र. त्याच सुमारास, २००३ मध्ये, दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाटलीबंद पाण्यात आणि शीतपेयांत कीटकनाशकं असल्याचे अहवाल काढले. प्रदीप यांनी तीच रासायनिक क्रिया कीटकनाशकांवर लावली आणि २००७ मध्ये त्यावर आधारलेला घरगुती फिल्टर युरेका फोर्ब्सने बाजारात आणला. पुढे त्यांनी लोहाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचे नॅनोकण कायटोसान या जैविक पदार्थाच्या जाळीत बसवून पाण्यातलं आर्सेनिक काढणारा 'अमृत' हा फिल्टर बनवला, आणि तो आर्सेनिकग्रस्त भागांतल्या गावांत बसला. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यात शिकण्यासारखी गोष्ट अशी की जाळी का हवी, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. सुटे कण पाण्यात वाहून गेले तर फिल्टर निकामी आणि पिणाऱ्याला धोका. कण जागच्या जागी धरून ठेवायची सोय झाली, तेव्हा कुठे शोधनिबंधातली गोष्ट लोकांच्या घरात गेली.

पुण्याच्या टीआरडीडीसीमध्ये, म्हणजे टाटांच्या संशोधन केंद्रात, भाताच्या तुसाच्या राखेवर झालेल्या कामातूनही असंच एक उत्पादन निघालं. राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेला टाटा स्वच्छ हा पाण्याचा फिल्टर २००९ मध्ये आला. वीज नको, नळाचं पाणी नको.

कॉलेजात आम्हाला तुळशीच्या पानांपासून चांदीचे नॅनोकण बनवायचा प्रकल्प दिलाय. याला काही अर्थ आहे का?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न, म्हणून सविस्तर लिहिते.

या कामाची मुळं पुण्यातच आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, डॉ. मुरली शास्त्री, डॉ. अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास बुरशीकडून धातूंचे नॅनोकण करून घेतले. २००४ मध्ये त्याच गटाने गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे सपाट, त्रिकोणी कण बनवले आणि ते काम 'नेचर मटेरियल्स'मध्ये छापून आलं. गवती चहाचा अर्क सोन्याच्या क्षारात मिसळला आणि गोळ्यांऐवजी त्रिकोण मिळाले. ते त्रिकोण जवळच्या अवरक्त प्रकाशाला शोषतात. तो निबंध गाजला तो नुसत्या पानामुळे गाजला नाही. आकार बदलला, आकारामुळे गुण बदलला, आणि तो का बदलला याचं उत्तर शोधायचा प्रामाणिक प्रयत्न त्यात होता.

त्यानंतर झालं असं की पान बदलायचं आणि निबंध छापायचा. तुळस, कडुनिंब, शेवगा, पेरू, आवळा, कढीपत्ता. अर्क काढा, सिल्व्हर नायट्रेटमध्ये घाला, द्रावण पिवळट-तपकिरी झालं की ते कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतं त्याच्या आलेखात ४२० नॅनोमीटरच्या आसपास शिखर दाखवा, दोन जिवाणूंवर चाचणी करा, संपलं. अशा निबंधात नव्याने काही कळत नाही, हे मी स्पष्टच सांगते. पानात क्षपण करणारे पदार्थ असतात, चांदी क्षपित होते. ते आता सगळ्यांना माहीत आहे. शिवाय पावसाळ्यातली तुळस आणि मे महिन्यातली तुळस एक नसते, त्यामुळे तोच कण पुन्हा मिळत नाही.

म्हणून प्रकल्प टाकून द्यायचा का? मुळीच नाही. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला कमी पैशात हात बसवायला याहून चांगला प्रयोग सापडणार नाही. फक्त प्रश्न बदला. एकाच झाडाची पानं वेगवेगळ्या महिन्यांत तोडून कणांचं माप किती बदलतं ते पाहा. कण सहा आठवडे ठेवून दर आठवड्याला मोजा. जिवाणू मारले ते कणांनी की कणांतून सुटलेल्या चांदीच्या आयनांनी, हे वेगळं काढून दाखवा, आणि तुलनेला तेवढ्याच चांदीचं साधं सिल्व्हर नायट्रेट ठेवा. नुसत्या अर्काचीही चाचणी करा. यातलं एक जरी नीट केलंत तरी मुलाखतीत तुमच्याशी बोलायला समोरच्याला मजा येईल.

प्रयोगशाळेतला दिवस कसा असतो?

भांडी धुण्यात बराच जातो, हे गंमत म्हणून सांगत नाही. सोन्याचे कण करायचे तर काचेची भांडी आधी ॲक्वा रेजियाने धुवावी लागतात. तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक, तेही फ्यूम हूडमध्ये, हातमोजे आणि चष्मा घालून. मग शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा. जुन्या सोन्याचा कण कुठे चिकटून राहिला तर नवे कण त्याच्यावरच वाढतात आणि माप बिघडतं.

मग सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं द्रावण उकळायचं आणि ढवळत असताना सोडियम सायट्रेट एकदम ओतायचं. ही रीत जॉन टुर्केविच यांनी १९५१ मध्ये दिली, आणि सायट्रेटचं प्रमाण बदलून माप कसं बदलायचं ते फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवलं. पिवळा रंग आधी जातो. पाणी क्षणभर रंगहीन, मग करडं-निळसर, शाईसारखं, मग जांभळं, आणि काही मिनिटांत वाइनसारखं लाल. जांभळ्यावरच अडकलं तर समजायचं की भांडं, पाणी किंवा ढवळण्याचा वेग यांपैकी काहीतरी चुकलं. या लाल द्रावणात चिमूटभर मीठ टाका. कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा भार झाकला जातो, ते एकमेकांना चिकटतात आणि द्रावण डोळ्यांदेखत निळं पडतं.

दुपारी मोजमाप. डीएलएसवर (प्रकाश विखुरण्यावरून) कणांचं माप, झीटा पोटेन्शियल म्हणजे कणांवरचा भार, यूव्ही-व्हिजिबलवर प्रकाशाचं शोषण. आठवड्यातून एकदा टीईएमची, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची, वेळ मिळाली तर सोन्याहून पिवळं. तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर थेंब सोडून सुकवायचा. इथे एक सावधगिरी नेहमी शिकवते: थेंब सुकताना कण आपोआप एकत्र येतात, त्यामुळे फोटोत गठ्ठा दिसला म्हणजे द्रावणातही गठ्ठा होता असं नाही. टीईएम आणि डीएलएस दोन्ही बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. आणि सगळ्यांत सुंदर कोपऱ्याचा एकच फोटो प्रबंधात लावू नका, दोन-तीनशे कण मोजा.

संध्याकाळी वही. पाण्याचा बॅच, क्षाराच्या बाटलीचा लॉट नंबर, खोलीचं तापमान, सगळं त्याच दिवशी लिहायचं.

कोणत्या विषयातून यावं? बारावीनंतर थेट नॅनोची पदवी घ्यावी का?

माझं मत: आधी एक विषय पक्का करा. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, फार्मसी, केमिकल किंवा मटेरियल्स इंजिनीअरिंग, जैवतंत्रज्ञान, यांपैकी काहीही चालेल. नॅनो हे मापाचं नाव आहे, त्या मापात काम करायला हात कुठल्या तरी एका शास्त्रात तयार असावा लागतो. एकात्मिक अभ्यासक्रमही आहेत, उदाहरणार्थ कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सचं स्वतंत्र स्कूल आहे, आणि तिथली चांगली मुलं मी पाहिली आहेत. पण तिथे गेलात तरी थर्मोडायनॅमिक्स आणि कोलॉइडचं रसायनशास्त्र ऐच्छिक समजू नका.

महाराष्ट्रात हे काम कुठे चालतं?

पुण्यात एनसीएल, आयसर, सी-मेट, आघारकर संशोधन संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रा. सुलभा कुलकर्णी यांनी नव्वदच्या दशकात, नॅनो हा शब्द घरोघरी पोचायच्या आधी, झिंक सल्फाइडसारख्या अर्धवाहक कणांवर काम सुरू केलं होतं. मुंबईत आयआयटी, आयसीटी, टीआयएफआर, बीएआरसी. कॅन्सरच्या बाजूने जायचं असेल तर खारघरचं ॲक्ट्रेक. केंद्र सरकारने २००७ मध्ये १,००० कोटींचं नॅनो मिशन सुरू केलं, त्यातून देशभर यंत्रसामग्री आली. त्यामागे प्रा. सी. एन. आर. राव यांचा आग्रह होता.

पीएचडी करताना पोट कसं भरायचं?

सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा देऊन जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे वरच्या टप्प्याची एसआरएफ ४२,०००, शिवाय घरभाडं भत्ता. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्याही फेलोशिप आहेत. एक कानगोष्ट: पैसे वेळेवर येतीलच असं धरून चालू नका, तीन-चार महिन्यांची शिल्लक जवळ ठेवा.

मुलगी पाच-सहा वर्षं पीएचडीत घालवणार, मग नोकरी कधी? (हा प्रश्न बहुतेक आईवडिलांचा असतो.)

काळजी खोटी नाही. पण ही वर्षं वाया जाणारी नाहीत, फक्त नोकरी कुठल्या दारातून मिळेल ते आधीपासून माहीत हवं. प्राध्यापकाच्या जागा कमी आहेत आणि वाट लांब आहे. औषध कंपन्यांत मात्र लायपोसोम, इमल्शन, नॅनोसस्पेन्शन असलेल्या इंजेक्शनांवर काम करणारी माणसं लागतात: फॉर्म्युलेशन, विश्लेषण, टेक ट्रान्सफर, रेग्युलेटरी. निदान संच बनवणाऱ्या कंपन्या, रंग आणि बॅटरीवाले हेही घेतात. एम.एस्सी. किंवा एम.फार्म.नंतर आधी तीन-चार वर्षं कंपनीत काम करून मग पीएचडीला येणाऱ्या मुली मला फार तयारीच्या वाटतात. त्यांना 'जे लिहिलं नाही ते झालंच नाही' हा कारखान्याचा नियम अंगवळणी पडलेला असतो. आणि मुलीसाठी हा प्रश्न येतो तेवढ्या वेळा तो मुलासाठीही विचारला जावा, एवढं मात्र मनापासून वाटतं.

उंदरावर चाललेलं औषध दुकानात यायला इतकी वर्षं का लागतात?

माणसांवरच्या चाचण्या हे एक कारण सर्वांना माहीत आहे. नॅनो-औषधाला त्याखेरीज स्वतःच्या अडचणी आहेत. पन्नास मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये दोन द्रावणं एका क्षणात मिसळतात. पन्नास लिटरच्या टाकीत तसं होत नाही, एका कोपऱ्यात कण लहान तर दुसऱ्यात मोठे होतात. घरी चार माणसांचा शिरा आणि लग्नातला चारशे पानांचा शिरा यांत जो फरक पडतो, तोच इथे. म्हणून मेदाच्या कणांसाठी आता सूक्ष्म वाहिन्यांमध्ये सतत मिसळण्याची यंत्रं वापरतात, म्हणजे मिसळण्याची जागा लहानच राहते आणि यंत्र फक्त जास्त वेळ चालतं.

मग निर्जंतुकीकरण. उकळलं तर कण फुटतात, म्हणून ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळतात. ज्यांचे कण २०० नॅनोमीटरच्या पुढे गेले त्यांचं औषध गाळणीवरच राहतं. एंडोटॉक्सिन हा आणखी एक शत्रू. जिवाणू मेले तरी त्यांच्या आवरणाचे अवशेष कणांना चिकटून राहतात आणि रुग्णाला ताप आणतात. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत याची तपासणी क्वचितच होते, आणि कंपनीत पहिल्याच आठवड्यात तिथे गाडी अडते. जैवतंत्रज्ञान विभागाने ऑक्टोबर २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. पीएचडीच्या पहिल्या वर्षीच ती वाचा. काय काय मोजावं लागणार आहे ते कळलं की प्रयोगच वेगळ्या रीतीने आखले जातात.

पेटंट मिळतं का?

मिळतं, पण भारतात एक कलम नीट समजून घ्या. पेटंट कायद्याच्या ३(ड) मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप, त्यात कणांचं मापही आलं, गुणकारकता लक्षणीय वाढल्याशिवाय नवा शोध धरला जाणार नाही. म्हणजे 'जुनं औषध नॅनो केलं' एवढ्यावर पेटंट नाही. मला हे कलम योग्य वाटतं, त्याने औषधं स्वस्त राहायला मदत झाली आहे. आणि परिषदेत पोस्टर लावायच्या आधी अर्ज करा. एकदा जाहीर झालं की नावीन्य गेलं.

हे कण आरोग्याला घातक नाहीत का? काम करणाऱ्यांचं काय?

'नॅनो' म्हणून सरसकट घातक किंवा सरसकट निर्धोक असं काही नसतं. लांब, ताठ कार्बन नॅनोट्यूब २००८ मध्ये उंदरांत ॲसबेस्टॉससारखी इजा करताना दिसल्या, आणि २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यांतल्या एका प्रकाराला माणसात संभाव्य कर्करोगकारक ठरवलं. टायटॅनियम डायऑक्साइड खाद्यपदार्थात घालायला युरोपीय संघाने २०२२ मध्ये बंदी केली. लायपोसोमचा मेद मात्र शरीर सहज पचवतं. प्रयोगशाळेत खरा धोका कोरड्या भुकटीचा. द्रावणात असलेला कण उडत नाही, भुकटी उडते आणि फुप्फुसात जाते. भुकटी उघड्या टेबलावर कधीही तोलू नका. आणि चांदीचं उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, ते वेगळ्या डब्यात जमा करायचं असतं.

नॅनो युरिया वापरावा का?

गावाकडे व्याख्यान झालं की हा प्रश्न ठरलेला. इफ्कोने २०२१ मध्ये ५०० मिलिलिटरची बाटली आणली, आणि ती ४५ किलोच्या एका गोणीची जागा घेईल असं सांगितलं गेलं. सुरुवातीच्या बाटलीत नायट्रोजन ४ टक्के, म्हणजे एका बाटलीत २० ग्रॅम. गोणीत ४६ टक्के, म्हणजे २० किलोहून अधिक. हजारपट फरक आहे. पानांवर फवारलेला नायट्रोजन जमिनीत टाकलेल्यापेक्षा कमी वाया जातो हे खरं, पण पिकाने दाण्यात साठवायचा नायट्रोजन कुठून तरी यावाच लागतो. शास्त्रज्ञांत यावर तीव्र मतभेद आहेत. माझा सल्ला: गोणी एकदम बंद करू नका. शेताच्या एका पट्ट्यात वापरा, शेजारच्या पट्ट्यात नेहमीचं खत द्या आणि दोन्हीकडचं उत्पन्न वेगळं तोला.

परदेशी जावं का?

पीएचडीनंतर दोन-तीन वर्षं चांगल्या गटात जायला मिळालं तर जरूर जा. पण यंत्रांसाठी जाऊ नका, ती आता इथेही आहेत. प्रश्न कसा विचारायचा हे ज्या माणसाकडून शिकता येईल, त्या माणसासाठी जा.

मी छोट्या गावच्या कॉलेजात आहे. टीईएम सोडा, डीएलएससुद्धा नाही. काय करू?

विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या पैशावर चालणाऱ्या सैफ नावाच्या सुविधा आहेत, आयआयटी मुंबईतली त्यांपैकी एक. बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने तिथे शुल्क घेऊन तपासतात. आय-स्टेम या केंद्रीय पोर्टलवर देशभरातली यंत्रं आणि त्यांचे दर दिसतात, वेळ तिथूनच मागता येते.

नमुना पाठवण्याआधी इतकं करा. यूव्ही-व्हिजिबल तुमच्या जिल्ह्यात कुठे ना कुठे असतंच. नमुना त्याच दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने त्यावर बघा. शिखर जागचं हललं असेल किंवा पसरट झालं असेल तर टीईएमचे पैसे खर्च करू नका, आधी कण टिकवायचं बघा. द्रव नमुना घट्ट बुचाच्या छोट्या बाटलीत, काठोकाठ न भरता, थर्मोकोलच्या डब्यात पाठवा आणि गोठू देऊ नका, कारण बर्फ होताना कण एकमेकांवर दाबले जातात आणि वितळल्यावर सुटत नाहीत. बाटलीवर पेनाने लिहिलेलं पुसलं जातं, पेन्सिलीने लिहून वर सेलोटेप लावा. सोबतच्या कागदावर द्रावक, अंदाजे तीव्रता आणि नमुन्यात मीठ किंवा साखर आहे का ते लिहा. नाहीतर यंत्रावरच्या माणसाला जाळीवर तुमच्या कणांऐवजी मिठाचे स्फटिक दिसतील.